बसणाईला कुणी पाहिलंय का?

गेल्या शनिवारी रत्नागिरीजवळच्या आमच्या गावी पोचले, तेव्हा काका घरामागच्या टेकडीवर एका दगडाला हळदकुंकू वाहत होते. नळाला पाणी नव्हतं... आणि काका हळदकुंकू वाहत होते.

टेकडीवरच्या झऱ्यापासून घरापर्यंत आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, स्वतः पाईप टाकलाय. पंप नाही, वीज नाही, उताराने पाणी आपोआप येतं. वणव्यात जळू नये म्हणून जवळजवळ सगळा पाईप जमिनीत पुरलेला. नकाशा अर्थातच नाही.

आबा गेल्या श्रावणात गेले. काका नोकरीतून रिटायर होऊन यंदाच काकूबरोबर गावी राहायला आले आणि ऐन मे महिन्यात पाईप बंद पडला. वर झऱ्याला पाणी भरपूर, खाली थेंब नाही.

मी पुण्यात पाईपलाईनचीच कामं करते, त्यामुळे कारण कळायला वेळ लागला नाही. गळती असती तर कुठेतरी ओल दिसली असती. ती नव्हती, म्हणजे पाईप जिथे खाली उतरून पुन्हा वर चढतो, त्या खोलगट जागी गाळ बसला होता. अशा जागी गाळ सोडायला बूच ठेवतात. आबांनीही ठेवलं असणार... पण कुठे?

काकांना विचारलं. ते म्हणाले, आबा दरवर्षी मे महिन्यात पहार आणि पाना घेऊन निघायचे, 'बसणाईला जाऊन येतो' म्हणायचे, चिखलाने माखून परत यायचे आणि नळ धो धो सुरू व्हायचा. यावरून काकांनी काढलेला निष्कर्ष असा की बसणाई ही पाण्याची देवी आहे आणि यंदा तिचा मान द्यायचा राहिला.

देवीला जाताना पाना कशाला, असं मी दोनदा विचारलं. काकांच्या मते आबांचं सगळंच जगावेगळं होतं.

तसं आमच्याकडे वाघजाई, नवलाई, पावणाई जागोजागी आहेत, त्यामुळे बसणाई असायला कुणाचीच हरकत नव्हती. गुरवांनी हे नाव कधी ऐकलं नव्हतं, पण तेही म्हणाले, जुनी असेल, उशीर करू नका. शेजारच्या वहिनींना तर आठवलं की त्यांच्या सासूने तिला नवस केला होता. जागा तेवढी कुणाला माहीत नव्हती... म्हणून काकांनी त्यातल्या त्यात बरा दिसणारा दगड निवडला.

नारळ फोडूनही पाणी आलं नाही तर सोमवारी बोअरवाला येणार होता. बोअर झाली की जुना पाईप उपटून भंगारात देऊ, असं काका अगदी सहज म्हणाले.

याच पाईपच्या कडेने आबा दर मे महिन्यात आम्हा सगळ्या नातवंडांना झऱ्यापर्यंत न्यायचे. वाटेत करवंदं, वाटेत झाडांची नावं. चुकलं की पुन्हा त्याच झाडापाशी उभं करायचे. तो पाईप भंगारात... बोलले असते तर भांडणच झालं असतं.

रविवारी सकाळपासून काठीने जमीन ठोकत टेकडी चढले. पाल्याच्या थराखाली काही समजत नव्हतं आणि मोबाईल दाखवतो ती उंची या कामाच्या उपयोगाची नाही. शेवटी वैतागून चिपळूणच्या आत्याला फोन लावला. काकांनी गुरवांना विचारलं, शेजाऱ्यांना विचारलं, पण सख्ख्या बहिणीला विचारायचं त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

आत्या आधी बराच वेळ हसत राहिली. मग म्हणाली, "अगो बाय, बसणाई म्हणजे तू."

मी पाचेक वर्षांची असताना सगळे झऱ्यावर निघाले होते आणि मी अर्ध्या वाटेत घळीतल्या एका कातळावर बसले म्हणे. कडेवर घेऊ का... नाही. परत जाऊ या का... नाही. इथून आपली कौलं दिसतात, मी इथेच बसणार. आबांनी बाकीच्यांना पुढे पाठवलं आणि सगळे परत येईपर्यंत ते माझ्या शेजारी बसून राहिले.

"बसून बसून त्यांच्या लक्षात आलं की पाईप घळीत उतरून पुन्हा चढतो, गाळ साठतो तो इथेच," आत्या म्हणाली. "मला म्हणाले, पोरगी बरोब्बर जागेवर बसली. दुसऱ्याच दिवशी तिथे बूच बसवलं."

म्हणजे लाईनमधली नेमकी जागा मी शाळेत जायच्या वयात शोधून दिली होती. आता डिग्री घेऊन सापडत नव्हती.

घळ सापडली, पण उभं राहून कौलं दिसेनात, फांद्या आड येत होत्या. एकेका कातळावर बसून पाहिलं. एकावर बसल्यावर दिसली... पायाशीच पाल्याखाली बूच होतं, आबांनी सायकलची ट्यूब गुंडाळून ठेवलेलं. पान्याने ते काढताच आधी सगळा चिखल माझ्या अंगावर आला, मग पाणी. पाणी स्वच्छ झाल्यावर बूच पुन्हा घट्ट बसवलं.

घरी आले तर नळ सुरू होता आणि काका हात जोडून उभे होते. म्हणाले, मान दिला की पावतेच ती. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी आधी नळ बंद केला. मग म्हणाले, "म्हणजे आता दरवर्षी तुलाच यायला हवं."

बोअरवाल्याला नको म्हणून कळवलं. शेजारच्या वहिनींनी नवसाची गोष्ट मात्र मागे घेतलेली नाही.

आत्या म्हणते, त्या दुपारी आबा मला एकदाही 'चल' म्हणाले नाहीत. मला काकांबरोबर एक शनिवार-रविवार काढणं जड गेलं... आबांकडून झाडांची नावं शिकले, हे असं शेजारी बसून राहणं शिकायचं राहूनच गेलं.