कानातलं झुरळ

रविवारी लोणी भापकरला घरी गेलो होतो. दुपारी जेवून सोप्यात चटईवर आडवा झालो आणि डोळा लागतो न लागतो तोच उजव्या कानात काहीतरी शिरलं. ताडकन उठून बसलो. आतलं खरवडणं इतकं मोठं होतं, की माझंच ओरडणं मला नीट ऐकू येईना.

बायकोनं मोबाईलचा उजेड कानात पाडला. "झुरळ आहे! लहानसं. मागचे दोन बारीक काटे दिसतायत, हलतायत."

"ओढ ना मग!"

"चिमटीत येत नाहीये हो."

वडील गोठ्यातून धावत आले. मेंढरांच्या कानातल्या गोचिडी काढण्यात त्यांची उमर गेलेली. "हालू नगं. फुकर मारली का भायेर येतंय," म्हणत त्यांनी माझं डोकं मांडीवर दाबलं आणि जोरात फुंकर घातली.

ते आत पळालं. कळ थेट दाढेपर्यंत गेली. त्यांनी पुन्हा फुंकलं, ते आणखी आत.

"आबा, नको!"

"मेंदूत तर नाही ना जाणार?" बायकोनं विचारलं. "ह्येला बारामतीला न्ये, बिगीनं," वडील म्हणाले. तेव्हा मी खरा घाबरलो.

बायकोनं स्कूटी काढली. बारामतीच्या रस्त्याला लागलो आणि वारा कानात घुसला, तसं ते पिसाळलंच. तिची ओढणी मी कानावर घट्ट दाबून धरली. आता बहिरा होणार, की वेडा, एवढंच डोक्यात.

कानाच्या डॉक्टरांनी तेलाचे थेंब सोडले. आत जोरात तडफड झाली, मग सगळं गप्प. पडदा फाटला, असंच वाटलं. मग त्यांनी चिमट्यानं ते ओढून कापसावर ठेवलं.

"फुंकर मारली होती ना?" ते म्हणाले. "या मागच्या काट्यांवर बारीक केस असतात. मागून हवा हलली, की कोणीतरी खायला आलं असं समजून ते पुढं पळतं. कानात वळायला जागा कुठली? पडदा शाबूत आहे, घाबरू नका."

परत आलो तेव्हा वडील गावाच्या फाट्यावरच उभे होते. "ऐकू येतंय का रं?" मी मान हलवली आणि डॉक्टरांचं सगळं सांगितलं.

"म्हंजी भ्यालं व्हतं म्हन की त्ये बी," ते म्हणाले.

मला त्याची कीव आली नाही. अजून दोन्ही कानांत कापूस घातल्याशिवाय मी आडवा होत नाही.