खोडलेल्या दोन ओळी

मुरुमच्या एका खाजगी शाळेत मी बारा वर्षं मराठी शिकवलं. शाळा बंद पडली आणि ओळखीतून घरबसल्या एक काम मिळालं. पुण्याच्या एका कंपनीनं जनावरांच्या डॉक्टरांसाठी फोनसेवा सुरू केली होती. शेतकऱ्यानं फोन करायचा, तो एआय एजंट, म्हणजे माणसासारखं बोलणारं मशीन, उचलणार आणि जवळच्या डॉक्टरांना पाठवणार. एजंटच्या हाताशी काही टूल्स होती. नोंद करायचं एक, डॉक्टर शोधायचं एक, नोंद बंद करायचं एक. कुठलं टूल काय करतं, ते कधी वापरायचं आणि कधी वापरायचं नाही, हे साध्या भाषेत लिहून द्यायचं काम माझं. एजंट त्या लिखाणावर चालतो. समोरच्याचं तोंड बघून ओळखणं त्याला जमत नाही.

मला ते काम आवडायचं. आपल्या बोलीतला एकेक शब्द उलटून पालटून बघायला शाळेत कधी सवड मिळाली नव्हती.

'नोंद बंद करणे' या टूलखाली मी लिहिलं होतं, "डॉक्टरांची गरज संपल्यावर वापरावे." त्याखाली आणखी दोन ओळी होत्या. "वैतागलेला माणूस 'राहू द्या', 'संपलं' असं म्हणतो, त्यावरून गरज संपली असे समजू नये. जनावर बरे झाले का, हे विचारल्याशिवाय नोंद बंद करू नये."

पुण्याहून साहेबांचा फोन आला. "मॅडम, सगळं मिळून फार लांब होतंय. एजंट गोंधळतो. एका टूलला एक ओळ ठेवा."

"सर, पण या दोन ओळी लागतील."

"तेवढं त्याला कळतं हो."

मी त्या खोडल्या. वाद घातला नाही. नोकरी नवीन होती, आणि खरं सांगायचं तर त्याला कळत असेल असं मलाही वाटलं.

दीड-दोन महिन्यांनी एका डॉक्टरांची तक्रार आली. ते मोटरसायकलवर माकणी गावाजवळ पोचले होते. मोबाईलवर नोंद बंद झाल्याचं दिसलं म्हणून परत फिरले. संध्याकाळपर्यंत म्हैस गेली. कुठं चुकलं ते शोधायला साहेबांनी रेकॉर्डिंग मला पाठवलं.

म्हैस विताना अडली होती. माकणीच्या एका बाईंनी सकाळी फोन करून नोंद केली होती. हा दुपारचा दुसरा फोन.

"डॉक्टर कुठवर आलं वो? सकाळधरनं आमी वाट बगालो. म्हशीनं डोळं फिरवलं. ऱ्हाऊ द्या आता, संपलं समदं."

"ठीक आहे. तुमची नोंद बंद करू का?" एजंटनं गोड आवाजात विचारलं.

बाई रडत होत्या. रडता रडता म्हणाल्या, "व्हय, व्हय."

"नोंद बंद केली आहे. धन्यवाद."

मी ते तीनदा ऐकलं. मग दोन्ही ओळी परत घातल्या, तपासून बघितलं. आता एजंट बरोबर विचारू लागला, "म्हैस बरी झाली का?" साहेबांनी लिहिलं, "छान काम."

पुढच्या रविवारी मी एसट्या बदलत माकणीला गेले. कंपनीला सांगितलं नाही. नोंदीतल्या पत्त्यावरून घर सापडलं. साठीच्या बाई ओसरीवर तूर निवडत होत्या, सून आत होती. फोनच्या कंपनीतून आलेय म्हटल्यावर बाईंनी पोतं अंथरलं.

"तुमीच व्हय त्या फोनवरच्या बाई?"

"नाही मावशी. ती बाई नाहीच. मशीन आहे ते."

"मशीन?" त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं. "लई ग्वाड बोलत हुतं. पर माजीच चूक बगा. म्या तसं बोलाया नगं हुतं. डॉक्टर वाटंतनं माघारी फिरलं माज्या बोलण्यानं."

हे ऐकायची माझी तयारी नव्हती. त्या चिडतील, हाकलून देतील, असं मी वाटेत धरून चालले होते.

"चूक तुमची नाही, मावशी. त्यानं कधी काय करायचं ते मी लिहून देते. असं कुणी बोललं तर नोंद बंद करू नको, असं मी लिहिलं होतं. नंतर खोडलं."

"का?"

"लांब होत होतं म्हणून."

"किती लांब?"

"दोन ओळी."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. राग नव्हता त्या बघण्यात. काहीतरी अवघड सांगितलं जातंय आणि आपल्याला समजत नाही, असं ते बघणं होतं. मग पुन्हा सूप हातात घेऊन त्या म्हणाल्या, "न्हाय, पर म्याच नीट सांगाया पायजे हुतं."

मी आणखी दोनदा समजावलं. उपयोग झाला नाही. म्हशीचं मरण त्यांनी स्वतःवर घेतलं होतं, आणि ते माझ्याकडं द्यायला त्या तयार नव्हत्या. सुनेनं कोरा चहा आणून ठेवला आणि दूध नाही म्हणून माफी मागितली. माफीसुद्धा त्याच मागत होत्या. निघताना मी बाईंना नमस्कार केला. त्यांनी हात जोडले, "लई लांबनं आलासा" म्हणाल्या.

सून स्टँडपर्यंत सोडायला आली. एसटी दिसल्यावर म्हणाली, "ताई, गोठ्यात एक गाभण गाय हाय अजून. तिला काय झालं तर फोन कुणाला करायचा?"

त्या भागातले डॉक्टर आता थेट फोन घेत नव्हते. सगळं आमच्याच सेवेतून जात होतं.

"त्याच नंबरवर," मी म्हणाले.

तिनं मान डोलावली.