बत्तीस दारांचा टीआरपी

आमच्या विरारच्या फुलपाड्यातल्या जीवदानी छाया सोसायटीत दर गुरुवारी संध्याकाळी भांडण होतं. पाण्यावरून नाही, पार्किंगवरूनही नाही. त्यासाठी रविवार राखून ठेवलेला आहे. गुरुवारचं भांडण टीआरपीवरून. त्या दिवशी मालिकांचे आठवड्याचे आकडे बाहेर येतात आणि गेटजवळच्या कट्ट्यावर बसून जयवंत मांजरेकर ते मोबाइलवर मोठ्याने वाचतात, नापास मुलाचं प्रगतिपुस्तक वाचावं त्या आवाजात.

जयवंतकाका बेस्टमध्ये तिकीट तपासनीस होते. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण समोरच्याने काहीही सांगितलं की त्यांची भुवई आपोआप वर जाते: दाखवा. दुकानदाराने नारळ ताजा आहे म्हटलं की तिथेच फोडायला लावणार. जावयाने फोनवर 'निघालो' म्हटलं की मागे रस्त्याचा आवाज येतोय का ते ऐकणार. यमुनाकाकू म्हणतात, "लग्नाच्या वेळी माझी पत्रिका ह्यांनी उजेडासमोर धरून पाहिली होती. नोट पाहावी तशी." अशा माणसाने टीआरपीवर विश्वास ठेवावा, ही अपेक्षाच मुळात चुकीची.

त्यांचा सामना ठरलेला, ए विंगमधल्या विघ्नेशशी. विघ्नेश अंधेरीला एका जाहिरात कंपनीत आहे आणि हे आकडे त्याचं पोट आहे.

"काका, ठरावीक घरांत मीटर बसवतात," तो समजवायचा. "त्यावरून बाकीच्यांचा अंदाज. शितावरून भाताची परीक्षा."

"शीत काढायला पातेल्यात हात घालावा लागतो. आमच्या पातेल्यात कधी कुणी हात घातला? तुझ्या ओळखीतलं एक घर दाखव मीटरवालं!"

"ते गुप्त ठेवतात हो. घर कळलं तर मालिकावाले जाऊन त्यांना पटवतील. आणि आपल्याला कुणीतरी मोजतंय हे कळलं की माणूस वेगळा वागायला लागतो. मग मोजून काय उपयोग?"

"मी चौतीस वर्षं माणसंच मोजली आहेत, मला शिकवू नकोस," असं म्हणून काकांनी तो मुद्दा उडवून लावला. तो उडवायला नको होता.

एरवी ह्या भांडणाने कुणाचं काही बिघडत नव्हतं. पण गेल्या वर्षी बी विंगच्या तिसऱ्या मजल्यावरच्या अश्लेषाला मालिकेत काम मिळालं. अश्लेषा गुरव, आई पाळणाघर चालवते. लहानपणी नाट्यस्पर्धांना तिला घेऊन जायचे ते काकाच. आईला मुलं सोडून निघता यायचं नाही, आणि काकांच्या मते ह्या मुलीसारखं स्पष्ट बोलणारं विरारमध्ये दुसरं कुणी नव्हतं. पाच वर्षं ऑडिशन देऊन झाल्यावर तिला 'माहेरचा पिंपळ'मध्ये नायिकेची नणंद मिळाली. शूटिंग नायगावला. दिवसाला दोन वाक्यं, त्यातलं एक बहुतेक वेळा 'वहिनी, चहा.'

पहिल्या दिवशी सगळ्या सोसायटीने मालिका पाहिली, पेढे खाल्ले. महिन्याभरात ज्याचा तो आपापल्या चॅनलवर परत गेला. गुरुवारचे आकडे यायला लागले: शून्य पॉइंट सहा. मग पॉइंट पाच. अश्लेषा सेटवरून येऊन कट्ट्यावर उभी राहायची, आकडा ऐकायची आणि जिना चढायची. मालिका बंद करणार, अशी कुजबुज सेटवर सुरू झाली होती.

"पॉइंट पाच माणूस कुणी पाहिलाय का?" काका चिडले. "मीच मोजतो."

आणि खरंच मोजायला लागले. रोज संध्याकाळी साडेसातला, मालिका सुरू व्हायच्या वेळी, हातात शंभर पानी वही घेऊन ते निघायचे. दोन विंग, चार मजले, मजल्यावर चार दारं, बत्तीस. आत डोकवायचं नाही, बेल वाजवायची नाही. दाराबाहेर उभं राहून 'पिंपळ' ऐकू आलं की टिक, नाही आलं की फुली. लोकांच्या दाराशी कान लावणं बरं दिसत नाही, असं मी एकदा म्हणाले. "हेमांगी, मी आवाज ऐकतो, बोलणं नाही," ते म्हणाले. तपासनिसाला नियमातली फट बरोबर सापडते.

पहिल्या आठवड्यात आठ-नऊच्या वर आकडा गेला नाही.

आता माझा गुन्हा. एका संध्याकाळी मी सातवीचे पेपर तपासत होते. बाहेर चपला थांबल्याचं ऐकू आलं, म्हणून दाराच्या भिंगातून पाहिलं. काका आमच्या दुसऱ्या मजल्यावर पायरीवर बसले होते, गुडघा चोळत. वही मांडीवर उघडी आणि पानावर नुसत्या फुल्या. मला त्या मालिकेचा मनापासून तिटकारा आहे. त्यातल्या बायका झोपतानाही शालू नेसतात. पण त्या माणसाचा पडलेला चेहरा मला बघवेना. मी रिमोट घेतला, ते चॅनल लावलं आणि आवाज तिप्पट केला. काकांनी मान वर केली. उठले, टिक केली आणि गुडघा विसरून वरचा मजला चढले.

मला इतकं बरं वाटलं की ते माझ्या पोटात राहिलं नाही. समोरच्या एलिनाला सांगितलं. एलिना नर्स आहे, दुखणं दिसलं की उपाय केल्याशिवाय तिला चैन पडत नाही. तिने त्याच रात्री 'काका निघाले' नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला. खालच्या मजल्यावरून मेसेज यायचा, 'ए विंग, पहिला', की वरचे मजले तयार. काका पुढे गेले की ज्याची त्याची मॅच, ज्याचा त्याचा हिंदी कार्यक्रम परत चालू. काकांच्या चपला जाडजूड, खोकला त्याहून जाड. ग्रुप नसता तरी चाललं असतं.

आकडा चढला. चौदा, एकोणीस, सव्वीस! गुरुवारी काकांनी वही विघ्नेशच्या नाकासमोर धरली. "बत्तिसात सव्वीस. बोल आता. पॉइंट पाच म्हणे!" विघ्नेश ग्रुपमध्ये होता. तो म्हणाला, "काका, मानलं तुम्हाला." इतका गोड पराभव मी पाहिला नव्हता. सगळी बिल्डिंग म्हाताऱ्यावर माया करत होती आणि आपल्याच मायेवर खूश होती.

मग एका बुधवारी अश्लेषा माझ्याकडे आली. तिला दुसऱ्या मालिकेत विचारलं होतं. भूमिका याहून बरी, पण तारखा भिडत होत्या; 'पिंपळ' सोडावी लागणार होती. शनिवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं.

"मी नाही म्हणणार आहे, मॅडम," ती म्हणाली. "आपल्याकडे बत्तिसात सव्वीस घरं बघतात. म्हणजे लोकांना आवडतंय. आकडे आज ना उद्या वर येतील. काकांनी आजवर मला खोटं काही सांगितलेलं नाही."

काकांनी खोटं सांगितलं नव्हतंच. खोटं आम्ही सांगितलं होतं, आवाज मोठा करून, आणि आता त्या आवाजाच्या भरवशावर ही पोर हाती आलेलं नवं काम सोडणार होती.

रात्र कशीबशी काढून मी सकाळीच काकांकडे गेले. काकू कणीक मळत होत्या. मी सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, ते ओरडतील. ओरडले असते तर सोपं गेलं असतं.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"दुसऱ्या आठवड्यापासून."

"एलिनापण?"

"ग्रुप तिचाच."

"विघ्नेश?"

मी मान हलवली.

"पहिल्या मजल्यावरच्या सत्यवतीबाई?"

"त्यांच्याकडे मोबाइल नाही, काका."

"म्हणजे ती एक खरी," ते म्हणाले आणि वही मिटून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "चूक माझी आहे. तपासनीस कधी बसच्या पुढच्या दाराने, घंटा वाजवत चढतो का? उद्या माझ्याबरोबर ये. आणि तुमच्या त्या ग्रुपवर एक अक्षर नको."

शुक्रवारी साडेसातला आम्ही दोघं गच्चीवरून उतरायला लागलो. काकांनी चपला काढून पिशवीत घातल्या होत्या. मलाही काढायला लावल्या. अनवाणी, खोकला गिळत, रेलिंग धरून ते एकेक दार ऐकत होते. कुठे मॅच, कुठे गाण्यांची स्पर्धा, कुठे मोबाइलवरची रील पुन्हा पुन्हा तीच, कुठे नुसत्या कुकरच्या शिट्ट्या. त्यांच्या पेन्सिलीचा आवाजही होत नव्हता. माझ्या दारापाशी आम्ही आलो; आत माझा नवरा बातम्या ऐकत होता. काकांनी माझ्याकडे न बघता फुली मारली. एवढी लाज मला शाळेत कॉपी पकडली गेली असती तरी वाटली नसती.

सत्यवतीबाईंचं दार सताड उघडं होतं. ह्या वसईकडच्या सांडोर गावच्या, आयुष्यभर केळी आणि भाजीच्या बागेत राबलेल्या, आता मुलाकडे राहायला आलेल्या. टीव्हीसमोर पाय पसरून बसल्या होत्या.

"कोन, जयवंतभाव?" त्या म्हणाल्या. "या ना. आता ती आपली पोर येनार. बसा, पानी तरी घ्या."

"नको, कामावर आहे," काका म्हणाले आणि टिक केली.

दोन्ही विंग संपल्या तेव्हा वहीत सात टिका होत्या. काकांनी त्या तीनदा मोजल्या. मग चपला घातल्या आणि थेट अश्लेषाचं दार वाजवलं. तिने नुकताच मेकअप पुसला होता, कानाजवळ थोडा राहिला होता.

"काका! आज किती?"

"सात."

ती हसली. "सव्वीसवरून एकदम सात?"

"सव्वीस कधीच नव्हते, बाळा. मी येतोय हे लोकांना कळायचं, म्हणून ते लावायचे. मी आवाज करत फिरलो, म्हणून तुला खोटा आकडा मिळाला."

"सुरुवात मी केली," मी म्हणाले. "काकांना माहीत नव्हतं."

ती दाराची कडी धरून उभी राहिली. डोळे भरले, पण पाणी पडू दिलं नाही. मला वाटलं, दार लावून घेईल, आणि लावलं असतं तर तिचं काही चुकलं नसतं.

"सात कोण कोण?" तिने विचारलं.

काकांनी चष्मा चढवून वाचलं. सत्यवतीबाई. ए विंगमधल्या आर्याची आजी. बॅप्टिस्ट अंकल, ज्यांना ऐकू कमी येतं पण चित्रं आवडतात. चौथ्या मजल्यावरच्या दोघी बहिणी, दोन वेगवेगळ्या घरांत, कारण त्या एकमेकींशी बोलत नाहीत. "सहावी तुझी आई. आणि सातवं आमचं."

"पॉइंट पाचची मला नावं कधीच कळली नाहीत," अश्लेषा म्हणाली. तिने नाक पुसलं. "उद्या मी हो सांगते."

दुसऱ्या दिवशी तिने होकार कळवला. मग पेढ्यांचा पुडा घेऊन टिक मिळालेल्या दारांवर गेली, फक्त त्याच. माझ्या दारावरून गेली, थांबली नाही. मी रागावले नाही, कारण रागवायला तोंड नव्हतं. काकांनी 'काका निघाले' ग्रुप बंद करायला लावला, आणि गुरुवारी कट्ट्यावर सगळ्यांसमोर विघ्नेशला म्हणाले, "तू म्हणाला होतास ते बरोबर. मोजतोय हे कळता कामा नये." विघ्नेशने मान खाली घातली. त्यालाही तो विजय नकोच होता.

'माहेरचा पिंपळ' पुढच्या महिन्यात संपली. शेवटच्या भागात अश्लेषाचं आधीच शूट केलेलं एक दृश्य होतं. काकूंनी तिला बोलावलं, आणि मलाही बोलावलं. अश्लेषा माझ्याशी अजून मोजकंच बोलत होती, तरी मी गेले. साडेसातला काका खुर्ची ओढून टीव्हीसमोर बसले. वही कपाटात होती.

शेवटून तिसऱ्या दृश्यात नणंद आली. सासरी निघताना वहिनीला म्हणाली, "वहिनी, आता चहा कोण मागेल तुमच्याकडे?" एवढंच वाक्य. पण तिने ते असं म्हटलं की माझ्या अंगावर काटा आला. चौदा महिने मी ज्या मालिकेला नावं ठेवत होते, त्यात ही मुलगी रोज दोन वाक्यं इतकी चोख बोलत होती, आणि मी माझ्या टीव्हीचा आवाज वाढवून पेपर तपासत बसले होते.

काकांनी चष्मा काढला. ते रडत होते, लपवतही नव्हते.

"काका, इतकं काय? मी असंच बोलते रोज," अश्लेषा म्हणाली.

"मला माहीत नव्हतं गं," काका म्हणाले. "मी एक दिवस पाहिलं नाही. साडेसातला मी जिन्यात असायचो. ती सातवी टिक यमुनाची होती."

खोलीत जाहिरात चालू होती. काकूंनी आवाज कमी केला. अश्लेषा खुर्चीवरून उठून काकांच्या पायाशी जमिनीवर बसली आणि त्यांचा दुखरा गुडघा दाबायला लागली.

"मग आज आठ झाले," ती म्हणाली.

नववी मी होते. पण ते सांगायची मला लाज वाटली.