पदराच्या गाठीतल्या लवंगा

ही हकीकत सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. वसईत पोलीस ठाण्याचा प्रमुख होतो, तेव्हाची आहे.

एका सकाळी फोन आला, "साहेब, ऑपरेशनात मानूस गेला. भुलीची डॉक्टरीन मागच्या दारानं पलतेय." दवाखान्यामागे जमाव होता आणि डॉक्टरबाई खरंच रुग्णवाहिकेत चढत होत्या. मी सर्वांसमोर ओरडलो, "माणूस मारून कुठं निघालात?"

त्या वळल्याही नाहीत. स्ट्रेचरवरच्या माणसाच्या तोंडातल्या नळीला लावलेली हवेची पिशवी दाबत म्हणाल्या, "जिवंत आहे. मोठ्या रुग्णालयात पोहोचला तर राहील. वाट द्या."

वाट दिली. पण तो अतिदक्षता विभागात पोहोचताच बाईंना जबाबासाठी ठाण्यात आणून बसवलं. वैद्यकीय मंडळाच्या अभिप्रायाशिवाय डॉक्टरला अटक करायची नसते, हे मला ठाऊक होतं. मला फक्त जमाव शांत करायचा होता.

रुग्ण अर्नाळ्याचा मच्छीमार. मोडलेल्या हातात पूर्वी बसवलेली धातूची पट्टी काढायची होती. बाई म्हणाल्या, "शिरेतून भूल दिली आणि घसा आवळला. श्वासनळीला सूज असली की असं होऊ शकतं. खोकला आहे का, विचारलं होतं. नाही म्हणाला."

त्याच्या बायकोला बोलावलं. लपवणाऱ्या माणसाचे हात स्वस्थ राहत नाहीत. ती पदराची गाठ सारखी चाचपत होती.

"काय आहे त्यात?"

लवंगा निघाल्या.

"मागल्या टायमाला खोकला हाय म्हनून परत धाडला, साहेब. नारली पुनवेला होडी पान्यात जानार. म्हनून मीच लवंग चघलायला दिली. खोकू नको, सांगू नको बोलले." ती रडू लागली. "डॉक्टरीनचा गुना नाय. माझा हाय."

बाईंनी तिला जवळ बसवलं. "परत पाठवलं तेव्हा कारण नीट समजावायला हवं होतं मी. रडू नका, तो उठेल."

तो उठला. नळी काढल्यावर पहिला प्रश्न, "होडी पान्यात गेली काय?" प्रकरण मिटलं.

खोटं का बोललास, हे विचारण्याआधी भीती कसली आहे ते विचारायचं, हे मी त्या दोघींकडून शिकलो. पुढच्या नोकरीत फार उपयोगी पडलं.

निवृत्तीनंतर माझ्या पित्ताशयाच्या ऑपरेशनला भूल द्यायला त्याच बाई आल्या.

"खोकला?"

"आहे थोडा."

त्या हसल्या. "मग आज नाही, साहेब. बरे होऊन या."

बरा होऊन गेलो. त्या शिरेत औषध सोडत होत्या, तेव्हा मी म्हणालो, "बाई, त्या दिवशी मी..."

"आकडे मोजा, साहेब."

जागा झालो, तेव्हा त्या दुसऱ्या रुग्णाकडे गेल्या होत्या. नंतर दोनदा भेटायला गेलो. दोन्ही वेळा आभार मानले आणि परतलो. आभार मनापासूनचे होते, पण वाक्य अजून अर्धंच आहे.

बाई, त्या दिवशी मी सगळ्यांसमोर तुमच्यावर खोटा आरोप केला. मला माफ करा.