सुरात पुकारलेले नंबर

मामाला नाटकाचं वेड होतं असं लोक म्हणत. मी म्हणते, नाटकालाही मामाचं थोडं वेड असतं तर बरं झालं असतं. सगळा मामला एकतर्फी होता.

नाट्यगृहाचं फर्निचरचं गोदाम झालं, तेव्हा जन्मभर पेटी वाजवलेल्या मामानं ठरवलं, लोक नाटकाला येत नाहीत ना, मग नाटकच लोकांकडे न्यायचं. मंडळी तीनच: मामा, पंचावन्न वर्षांची नायिका म्हणजे मामी, आणि राजाचं काम करणारा एक शिंपी. बसस्थानकात गाडी लागली की प्रेक्षक पळायचे. पोस्टातून साहेबांनी हाकलून दिलं. बाजारात मामीच्या विरहाच्या पदात एका भाजीवाल्यानं कांद्याचा भाव ओरडला आणि लोक तिकडेच वळले. तरी मामाचा हट्ट सुटेना. "एकानं तरी अंक शेवटपर्यंत ऐकावा गं," तो मला म्हणायचा. "एकच माणूस. मग मी पेटी मिटतो."

मी दवाखान्यात खिडकीत बसते. रुग्णांचे नंबर पुकारणं हे माझं काम. आमच्याकडे माणसं तीन-तीन तास बाकावर बसतात, उठून जाणार कुठे? मोठ्या डॉक्टरबाईंच्या मागे लागून मीच परवानगी काढली. ऐकून मामाचा चेहरा असा फुलला की मलाच रडू आलं.

पहिल्याच दिवशी माझ्या "नंबर अकरा!"नं मामीचं पद मधेच तुटलं. मामा खिडकीशी आला.

"लहानपणी गायचीस ना तू? मग नंबर सुरात म्हण. बरोबर समेवर. पद मोडणार नाही आणि माणसंही उठतील."

खोटं कशाला बोलू, मला कल्पना फार आवडली. लोक हसत उठायचे. महिनाभर ती औषधांच्या वासाची खोली जरा माणसात आली होती.

हृदयाचे तज्ज्ञ आमच्याकडे महिन्यातून एकदाच, बाहेरून येतात. त्या दिवशी पहिल्या बाकावर एक म्हातारी एकटीच बसली होती. नजर मामीवर, बोटं मांडीवर ताल धरत होती. मामानं मला डोळ्यांनी खुणावलं, बघ, सापडली. मी एकेचाळीस पुकारला, वरच्या सुरात, समेवर अचूक. म्हातारी "वा!" म्हणाली. पुन्हा पुकारला, तिनं पुन्हा मान डोलावली. कुणीच उठलं नाही. दोनदाच पुकारायचा नियम आहे, म्हणून मी बेचाळीस घेतला.

अंक संपला. टाळ्या तिच्या एकटीच्याच होत्या. मामा हात जोडून तिच्यासमोर वाकला, डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"फार गोड झालं हो," ती म्हणाली. "बरं, एकेचाळीस कधी येईल?"

तिच्या मुठीतली चिठ्ठी मी बघितली आणि फाटकाकडे धावले. तज्ज्ञांची गाडी जाऊन दहा मिनिटं झाली होती.

मी परत आले तेव्हा मामा तिच्यापुढे जमिनीवर बसला होता. "चूक आमची आहे, आजी."

"तुमची कसली चूक? माझंच नंबराकडे लक्ष नव्हतं." उठताना तिला धाप लागली. "पुढच्या महिन्यात येतेच की. पुढचा अंक दाखवाल ना?"

तो महिना कसा काढला ते आम्हालाच ठाऊक. मला माझ्या आवाजाची किळस आली होती. चिठ्ठीवर पत्ता नसतो, नुसतं नाव आणि नंबर असतो. शोधणार तरी कुठे?

ठरल्या दिवशी मामा पेटी न घेता आला आणि पहिल्या बाकावर बसला. मी तिच्या नावावर पहिला नंबर राखून ठेवला होता. कोरड्या आवाजात पुकारला. नियम दोनदाचा, मी सात वेळा पुकारला. बाकीचे रुग्ण कुरकुरायला लागले.

मामा उठून खिडकीशी आला.

"आणखी एकदा," तो म्हणाला. "जरा मोठ्यानं."