बिजलीचं सिझर

आमच्या घरात आजवर तीन बाळंतपणं झाली. त्यांतल्या एकालाच मी हजर होतो, आणि ते कुत्रीचं!

बिजली ही आमची गावठी कुत्री. सुप्याजवळच्या आमच्या वस्तीवर तिच्या परवानगीशिवाय पोस्टमनसुद्धा पाऊल टाकत नाही. त्या दिवशी सकाळपासून ती कळा देत होती. दुपार झाली तरी पिल्लू नाही. (मी मोबाईलवर कुत्र्यांच्या बाळंतपणाचे व्हिडिओ बघून 'सगळं नॉर्मल आहे' असं अधूनमधून जाहीर करत होतो.) शेवटी तिचं कण्हणंही थांबलं, तेव्हा कवितानं, म्हणजे माझ्या बायकोनं, माझ्या हातातला मोबाईल काढून घेतला आणि गाडीची किल्ली ठेवली.

नगरच्या डॉक्टरबाईंनी बिजलीचं पोट चाचपलं. "पिल्लू अडकलंय. आत्ताच्या आत्ता सिझर करावं लागेल. माझा मदतनीस रजेवर आहे. आत कोण येतंय?"

मी आशेनं वडिलांकडे पाहिलं. आप्पांनी जन्मभर गोठ्यात वासरं ओढून काढलेली!

"मला न्हाई बघवायचं बाबा, कातर-बितर," म्हणत आप्पा थेट बाहेरच्या लिंबाखाली जाऊन बसले.

"माझ्या दोन्ही वेळेला हे कंपनीत होते," कवितानं डॉक्टरबाईंना सांगितलं. "आज येऊ द्या आत."

पहिलं निघालं ते अडकलेलंच. डॉक्टरबाईंनी त्याला क्षणभर पाहिलं आणि बाजूच्या ट्रेमध्ये ठेवलं. "हे गेलंय. भुलीमुळे बाकीचीही गुंगीत असतील. नाक-तोंड पुसा आणि टॉवेलनं घासा. रडेपर्यंत!"

दुसरं कविताच्या हातात पडलं आणि लगेच चिरकलं. तिसरं माझ्याकडे आलं. ओलं, कोमट, तळहातापेक्षाही लहान. मी हलक्या हातानं पुसू लागलो.

"अहो, देव पुसताय का? घासा!" डॉक्टरबाई ओरडल्या.

घासलं. "ऊठ रे सोन्या," मी म्हणालो. "रोज दूध देईन. सोफ्यावर झोपू देईन. पोस्टमनला चावलास तरी काही बोलणार नाही!"

"रडलं का?" डॉक्टरबाईंनी वर न बघता विचारलं.

"रडतायत," कविता म्हणाली, "पण हे. पिल्लू गप्पच आहे."

"मग ते ठेवा आणि हे शेवटचं घ्या. लवकर!"

ठेवा म्हणजे त्या ट्रेमध्ये. माझ्याच्यानं होईना. मी ते अंगातल्या शर्टाच्या आत सरकवलं, छातीशी, आणि चौथं घेतलं. ते असं काही घासलं की कविता किंचाळली, "अहो, सालपटं निघतील त्याची!" तितक्यात ते कोकललं.

आणि माझ्या शर्टाच्या आतही काहीतरी हललं!

"डॉक्टर, हे जिवंत आहे! उड्या मारतंय!"

कवितानं माझ्या शर्टात हात घातला. थोडा वेळ तसाच ठेवला.

"अहो," ती हळूच म्हणाली, "ते तुमचं काळीज उडतंय."

घरी आल्यावर आप्पांनी बांधाच्या कडेला खड्डा घेतला. दोघांना त्यात ठेवलं. माती लोटताना आप्पा म्हणाले, "लई दांडगं कुत्रं झालं आसतं हे." तळहाताएवढ्या जिवाबद्दल! पण हसलं कुणीच नाही.

बिजली शुद्धीवर आली, उरलेल्या दोघांना पाजू लागली. मी जवळ गेलो तशी तिनं मान वर केली आणि माझा शर्ट हुंगायला लागली. बटणांमध्ये नाक खुपसून कुंईकुंई करायला लागली. मला हलूच देईना.

"तुज्यापाशी आजून एक हाय, आसं वाटतंय तिला," आप्पा म्हणाले आणि दुसरीकडे बघायला लागले.

मी शर्ट काढून तिच्यापुढे ठेवला. त्यावर तोंड टेकून ती झोपली.

तो शर्ट कंपनीचा होता. दुसऱ्या दिवशी गेटवरच साहेबांनी अडवलं. "युनिफॉर्म कुठाय?"

"बाळंतिणीच्या उशाशी," माझ्या तोंडून निघून गेलं. "काल सिझर झालं."

पन्नाशी उलटलेल्या माझ्याकडे साहेब बघतच राहिले. "अरे वा! काय झालं?"

"चार झाली, साहेब. दोन गेली."

साहेबांनी माझे दोन्ही हात धरले. "वहिनी बऱ्या आहेत ना?"

खरं सांगायची हीच वेळ होती. पण डोळ्यांपुढे तो ट्रे आला. नुसती मान हलवली. साहेबांनी आठवडाभराची रजा दिली!

तेव्हापासून अख्खं खातं माझ्याशी फार मायेनं वागतं. कविताला मात्र मी कंपनीच्या स्नेहसंमेलनाला नेत नाही.