अक्कांची कडू गोळी

दोंडाईच्याला माझ्या शेजारच्या अक्का रोज चूल पेटवण्याआधी कोंबड्यांची शीट काडीने उकरून बघत. जंत दिसला, की पळसाचं बी कुटून गुळात वळलेली गोळी थेट चोचीत. त्या सकाळी जंत नव्हते. दात घासता घासता मी बघतच होतो. तेवढ्यात गावात दौऱ्यावर आलेल्या सरकारी साहेबाच्या मुक्कामावरून शिपाई फुकटची कोंबडी न्यायला आला. अक्कांनी तीच काडी त्याच्या नाकाशी धरली.

"देख भाऊ, बठ्ठ्यासले जंत शेतस!"

सगळ्याच कोंबड्यांना जंत आहेत हे ऐकून शिपाई काडीकडे न बघताच पांढरा पडला. "अक्का, मागची इथलीच नेली होती. साहेबांची उरलेली मीच खाल्ली."

अक्कांनी जराही न हसता "आ कर" म्हटलं आणि कोंबडीची गोळी त्याच्या घशात सोडली.

पुढच्या मुक्कामाला तो पुन्हा आला. कोंबडीचं नावही न काढता अक्कांच्या दारात उभा राहिला आणि त्याने मुकाट्याने आ केला.